धापा टाकणारा कुत्रा राखण करत नाही

एप्रिलचा शेवटचा आठवडा आला की चंद्रपूर-गडचिरोलीतल्या जंगलकाठच्या गावांची पहाट फार लवकर होते. तेंदूपत्त्याचा हंगाम मोजक्या दिवसांचा. सत्तर पानांचं एक पुडकं आणि अशी हजार पुडकी मिळून एक प्रमाण गोणी, असा हिशेब. जितकी पुडकी फळीवर पोहोचतील तितके पैसे. म्हणून अंधार असतानाच बायामाणसं डोक्याला दुपट्टा गुंडाळून निघतात आणि त्यांच्या मागे, कुणी न बोलावता, घरचा कुत्राही निघतो. त्याआधी मोहफुलं वेचायच्या दिवसांतही हेच चित्र असतं.

अलीकडे यात शहरातल्या मंडळींची भर पडली आहे. रविवारी गाडी काढायची, माणिकगडावर चढायचं किंवा जंगलकाठच्या एखाद्या तलावापर्यंत पायी जायचं, सोबत पट्ट्याला बांधलेला लॅब्राडॉर. हिवाळ्यात यात काही वावगं नाही. पण ही हौस मे महिन्यातही सुटत नाही, आणि चंद्रपूरचा मे म्हणजे काय हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको. पारा ४५ अंशांवर गेला तरी आपल्याकडे लोक एकमेकांना ते सांगत नाहीत. ४७ झाला तर सांगतात.

मी माणसांचा डॉक्टर आहे, गुरांचा नाही. तरीही कुत्र्यांवर लिहायला बसलो, कारण उन्हाळ्यात आमच्या वॉर्डात येणाऱ्या रुग्णाला ‘उन्हात इतका वेळ का थांबलात?’ असं विचारलं की कधीकधी उत्तरात कुत्रा येतो. कुणी हरवलेल्या कुत्र्याला शोधत थांबलेला असतो, कुणी आपल्या बाटलीतलं पाणी त्याला पाजून स्वतः कोरडा राहिलेला असतो.

तेंदू तोडायला जाणाऱ्या एका बाईंना मी सहज विचारलं होतं, कुत्रा कशाला नेता? त्या म्हणाल्या, ‘कुत्रं तं येतेच जी मागं मागं. अन् आलं तं बरंच हाय, वाघा-अस्वलाचा वास त्याले आपल्याहून आधी लागते.’

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मरण पावल्या. ज्यांना रोज त्याच जंगलात वाकून पानं तोडायची आहेत, त्यांना सोबत चार पायांचा पहारेकरी असावा असं वाटलं तर चूक काय? प्रश्न एवढाच आहे की सकाळचे नऊ वाजून गेल्यावर तो पहारेकरी पहारा देण्याच्या स्थितीत उरतो का. त्यासाठी कुत्र्याचं शरीर उन्हाशी कसं झुंजतं ते पाहावं लागेल.

माणसाच्या कातडीवर वीस ते चाळीस लाख घामाच्या ग्रंथी आहेत. कष्टाचं काम करणारा माणूस तासाला लिटरभर, कधी त्याहून जास्त घाम गाळतो. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो आणि त्यासाठी आपली सगळी कातडी कामाला येते. उष्णतेशी लढण्याच्या बाबतीत प्राण्यांमध्ये माणसाइतका सज्ज गडी क्वचितच सापडेल. कुत्र्याला मात्र उपयोगी पडेल असा घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो, आणि तो नगण्य. त्याचा सगळा भार नाक, जीभ आणि श्वासावर.

एरवी मिनिटाला वीस-तीस वेळा श्वास घेणारा कुत्रा उन्हात तीनशेहून जास्त वेळा धापतो. ही धाप आपल्या दम लागण्यासारखी नाही. प्राणवायू कमी पडला म्हणून तो धापत नसतो, तो स्वतःला थंड करत असतो. १९७० साली क्नूट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं की धापताना कुत्रा हवा मुख्यतः नाकातून आत घेतो आणि तोंडातून बाहेर सोडतो. नाकाच्या आत ओल्या पातळ त्वचेच्या गुंडाळ्या असतात. कोरडी हवा त्यांच्यावरून जाते, पाणी वाफ होऊन निघतं आणि तिथलं रक्त थंड होतं. हीच हवा नाकावाटेच परत सोडली असती तर तिच्यातली बरीच उष्णता आणि वाफ पुन्हा नाकातच जिरली असती. आपल्या घरच्या कूलरचंच तत्त्व आहे हे: ओली ताटी, तिच्यातून जाणारी कोरडी हवा, आणि ओली हवा बाहेर जायला उघडी खिडकी.

कूलरला ज्या अडचणी येतात त्या इथेही येतात. टाकीत पाणी नसेल तर ताटी सुकते. हवा आधीच दमट असेल तर कूलर नुसता घरघर करतो. आपला एप्रिल-मे कोरडा, म्हणून पाणी असेपर्यंत कुत्र्याचा कूलर चालतो. मृगाच्या आधीचे दमट, ढगाळ दिवस पारा कमी दाखवतात, पण कुत्र्याला ते जास्त जाचतात. आणि पग किंवा बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांच्या कूलरची ताटीच आखूड असते. हे कुत्रे चंद्रपुरात पाळावेत का, हा माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न आहे, पण ते असो.

त्यात पळणाऱ्या स्नायूंची उष्णता. स्नायू जी ऊर्जा जाळतात तिचा बराच मोठा भाग उष्णता होऊन अंगातच राहतो. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे साधारण ३९ सेल्सिअस. बाहेर ४५ अंश असतील तर भोवतालची हवा त्याला थंड करत नाही, उलट तापवते. शिवाय त्याचं पोट जमिनीपासून वीतदीड वीत उंचीवर. आपण पाच-साडेपाच फुटांवरच्या हवेत श्वास घेतो, तो तापलेल्या मुरमावरच्या. दुपारच्या डांबरी रस्त्याचं तापमान ६० अंशांपुढे सहज जातं. आपल्या पायात चप्पल असते म्हणून ते कळत नाही. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. ठेवता आली नाही तर तो रस्ता कुत्र्याच्याही पायांसाठी नाही.

आता राखणीकडे येऊ. वास घेणं आणि धापणं ही दोन्ही कामं त्याच नाकाची आहेत, आणि ती एका वेळी नीट होत नाहीत. हुंगताना कुत्रा तोंड मिटून छोटे, मोजके श्वास नाकात ओढतो आणि ती हवा नाकाच्या वरच्या, वास ओळखणाऱ्या भागापर्यंत पोहोचवतो. धापताना हवा त्या भागाला वळसा घालून जाते. इस्रायलमध्ये इरिट गाझित आणि जोसेफ टर्केल यांनी स्फोटकं शोधणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्यांवर याचा अभ्यास करून तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. कुत्रे दमवल्यावर त्यांचं धापणं वाढलं आणि स्फोटकं हुडकण्याची त्यांची क्षमता घसरली. खास शिकवलेल्या, खाऊनपिऊन तयार कुत्र्यांची ही गत. मग पहाटेपासून उपाशी चालणाऱ्या, सकाळी साडेनऊला जीभ लोंबवत पळसाखाली पडलेल्या आपल्या गावच्या कुत्र्याकडून काय अपेक्षा करायची? पहाटेच्या गारव्यात त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी पुढे असतं, हे खरं. पण ऊन चढलं की तेच नाक त्याचा जीव वाचवण्यात गुंतलेलं असतं. ‘कुत्रा आहे, काही आलं तर भुंकेल’ या भरवशावर बाई एकटी पुढच्या झुडपाकडे सरकते, आणि तो भरवसा त्या वेळी पोकळ असतो.

उलट अशा वेळी कुत्रा धोका जवळ आणू शकतो. तहानलेला कुत्रा पाण्याचा माग काढत पाणवठ्यावर जातो. मे महिन्याच्या दुपारी जंगलातल्या पाणवठ्यावर आणखी कोण बसलेलं असतं हे इथल्या गुराख्याला विचारा. वाघ उन्हाळ्यात तासन् तास पाण्यात बसतो. बिबट्याला तर कुत्रा म्हणजे आवडतं भक्ष्य. अस्वलावर भुंकणारा कुत्रा अस्वल मागे लागलं की मालकाकडेच पळत येतो. म्हणून जाणते लोक मोहफुलांच्या दिवसांत कुत्रा घरीच बांधून ठेवतात.

शहरी मंडळींची गोष्ट वेगळी आहे. त्यांना राखण नको असते, सोबत हवी असते. त्यांचा कुत्रा बहुतेक वेळ कूलर किंवा एसीच्या खोलीत वाढलेला, अंगाने भरलेला, दाट केसांचा. उन्हाची सवय व्हायला माणसाला दहा-पंधरा दिवस लागतात. कुत्र्यालाही ती हळूहळूच होते, आणि रविवारी एकदा बाहेर काढून ती होत नाही. इंग्लंडसारख्या थंड देशातल्या पशुवैद्यकीय नोंदींचा २०२० मध्ये अभ्यास झाला, तेव्हा उष्णतेने आजारी पडलेल्या कुत्र्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश कुत्रे चालण्या-पळण्याने आजारी पडलेले निघाले. बंद गाडीत कोंडल्यामुळे आजारी पडलेले त्यांच्या तुलनेत फार थोडे. पोस्टरवर मात्र सगळीकडे गाडीच असते.

कुत्रा स्वतः थांबत नाही, हा त्यातला सर्वांत वाईट भाग. तेंदू तोडणारी बाई दमली की झाडाखाली बसते, तंबाखू मळते, ताक पिते. कुत्रा तिच्याबरोबर उठतो आणि तिच्याबरोबर चालतो. पट्ट्याला बांधलेला असेल तर प्रश्नच नाही. मालक पुढे जातो आहे तोवर तो पाय ओढत येतो आणि मग एकदम बसतो. त्या जागी तो बसला की प्रसंग कुत्र्याचा राहत नाही, माणसाचा होतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात विशीतल्या एका मुलाला दुपारी आमच्याकडे आणलं. अंगात १०४ ताप, उलट्या, पोटऱ्यांत गोळे, आणि बोलणं असंबद्ध. मित्रांनी सांगितलं ते असं: टेकडीवरून उतरताना कुत्रा बसला, उठेना. या मुलाने त्याला खांद्यावर घेतलं आणि दीड-दोन किलोमीटर चालत आला. कुत्रा अठ्ठावीस किलोचा. होतं नव्हतं ते पाणी आधीच कुत्र्याच्या डोक्यावर ओतून संपलं होतं. मुलाला आम्ही ओल्या चादरी, पंखे आणि सलाइनवर खाली आणला. तिसऱ्या दिवशी तो घरी गेला. कुत्रा गाडीतच मेला होता. शुद्धीवर आल्यावर तो मुलगा म्हणाला, ‘सर, त्याला टाकून कसा आलो असतो?’ मला यावर काही बोलता आलं नाही. कुणीच टाकून येत नाही. म्हणून न्यायचं की नाही हा निर्णय घराच्या दारातच घ्यावा लागतो; टेकडीवर तो घेता येत नाही.

ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मॅरिपोसा काउंटीत एक जोडपं, त्यांची वर्षाची मुलगी आणि त्यांचा कुत्रा असे चौघे डोंगरातल्या पायवाटेवर मृत सापडले. सुरुवातीला विषारी वायू, दूषित पाणी, वीज अशा सगळ्या शंका तपासल्या गेल्या. दोन महिन्यांनी तपास यंत्रणेने माणसांच्या मृत्यूचं कारण जाहीर केलं ते साधं होतं: उष्णता, आणि बहुधा त्यासोबत शरीरातलं पाणी कमी होणं. वाट सुमारे तेरा किलोमीटरची, सकाळी निघाले होते, परतीची चढण दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारावर, आणि तिथली झाडं तीन वर्षांपूर्वीच्या वणव्यात जळालेली. त्या दिवशी तिथलं तापमान ४२-४३ अंशांपर्यंत गेलं होतं. जवळची अडीच लिटरची पाण्याची पिशवी रिकामी होती. ४२ अंशांना आपल्याकडे ‘आज जरा बरं आहे’ म्हणतात.

आता लक्षणं. जीभ नेहमीपेक्षा लांब आणि टोकाला पसरट होते, लाळ तारेसारखी चिकट लोंबते, हिरड्या गडद लाल दिसतात, कुत्रा प्रत्येक सावलीकडे वळतो. इथेच थांबायचं. यापुढची पायरी म्हणजे झोकांड्या, उलटी, रक्तमिश्रित जुलाब, बेशुद्धी, झटके. १०५-१०६ फॅरनहाइटच्या पुढे आतड्याचं अस्तर, मूत्रपिंडं, यकृत आणि रक्त गोठण्याची व्यवस्था एकेक करून बिघडू लागते. माणसातही हाच क्रम दिसतो.

उपचाराचं सूत्रही दोघांना तेच: आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. गाडीत घालून धावत सुटू नका. सावलीत घ्या, पट्टा-मुसकं काढा, अंगावर भरपूर पाणी ओता, पोट आणि मांड्यांपर्यंत केसांच्या आत पोहोचेल असं, आणि दुपट्ट्याने वारा घाला. पाणी बर्फाचंच हवं असं नाही. कुत्र्याच्या अंगापेक्षा गार असलेलं कोणतंही चालतं. गार पाण्याने ‘झटका बसतो’ ही भीती मनातून काढा. तरुण, धडधाकट कुत्र्याला तोंड वर धरून पाण्याच्या टाक्यातही बसवता येतं. म्हाताऱ्या किंवा आजारी कुत्र्याला ओतणं आणि वारा हेच बरं. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, तो थोड्याच वेळात तापतो आणि उष्णता कोंडतो. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी पिऊ द्या, बेशुद्ध असेल तर तोंडात एक थेंबही ओतू नका. धापणं कमी होऊन तो सावध झाला की ओतणं थांबवा आणि पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. उठून शेपूट हलवू लागला तरी न्याच, कारण मूत्रपिंडाचा आणि रक्ताचा बिघाड दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही उघड होतो. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ आणि माणसासाठी १०८, हे दोन क्रमांक मोबाइलमध्ये ठेवा.

क्रोसिनची गोळी कुणालाच देऊ नका. ऊन लागून चढलेला ताप हा जंतूंचा ताप नव्हे, तो पॅरासिटामॉलने उतरत नाही. माणसाच्या आधीच ताणलेल्या यकृतावर तिचा भार पडतो, आणि कुत्र्याला ती विषारी ठरू शकते. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या कुत्र्यासाठी आणखी वाईट. आणि कांद्याबद्दल एक सांगायला हवं. खिशात कांदा ठेवून निघण्याला माझी हरकत नाही, ऊन लागण्यापासून तो वाचवत नसला तरी भाकरीसोबत खाता येतो. पण तो कुत्र्याला खाऊ घालू नका. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडते, तिचा जंगलाशी संबंध नाही पण कुत्र्याशी आहे. लाळ गळणारा, झोकांड्या खाणारा कुत्रा गल्लीत दिसला की ‘पिसाळला’ म्हणून काठ्या निघतात. त्यातले काही कुत्रे खरोखर पिसाळलेले असतात, काही फक्त उन्हाने कोसळत असतात, आणि लांबून पाहून फरक सांगणं मलाही जमणार नाही. म्हणून अनोळखी कुत्र्याजवळ जाऊ नका, मुलांना दूर ठेवा, जमलं तर लांबून पाण्याचा पाइप सोडा आणि पशुवैद्यकीय विभागाला कळवा. घरचा कुत्रासुद्धा उष्णतेने भांबावला की चावू शकतो. कुत्रा कोणताही असो, चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. जखमेवर हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही.

शहरातल्या कुत्र्याला एप्रिल ते जून डोंगर नको. पहाटे उजाडायच्या आत घराजवळ मातीच्या वाटेवर अर्धा तास, एवढं पुरे. सूर्य वर आल्यावर फिरायला न्यायचं झालं तर त्याचं पाणी वेगळं घ्या. वीस किलोच्या कुत्र्याला नुसतं घरात बसून दिवसाला लिटरभर पाणी लागतं, उन्हात चालताना त्याच्या कित्येक पट.

गावातल्या कुत्र्याचं काय, तो तर बोलावल्याशिवाय येतो. त्याला आदल्या रात्रीच घरात घ्या, नाहीतर तुम्ही उठण्याआधी तो वाटेला लागलेला असतो. सकाळी पडवीत बांधा, टिनाच्या छपराखाली नको. दोरी लांब ठेवा, म्हणजे सावली सरकेल तसा तो सरकेल. पाणी मातीच्या पसरट भांड्यात ठेवा, ते गार राहतं आणि सहज उलटत नाही. घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर दुपारी ते एकदा भरायला सांगा. राखणीसाठी चार-पाच जणींनी हाकेच्या अंतरात राहून तोडणं, अधूनमधून मोठ्याने बोलणं आणि ऊन चढायच्या आत मोकळ्या जागेवर येणं हे जास्त कामाचं. दोरी संध्याकाळी, फळीवरून परतल्यावर सोडा.